परदेशी विद्यापीठाचे शुल्क आणि रुपयाचा प्रवास

परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशपत्रात शिक्षणशुल्काचा जो आकडा छापलेला असतो, त्याला त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील विनिमय दराने गुणून भारतातील कुटुंब आपल्या खर्चाचा अंदाज बांधते. परंतु शुल्क भरण्याच्या दिवशी बँकेतून प्रत्यक्षात वजा होणारी रक्कम या गुणाकाराशी सहसा जुळत नाही, आणि हा फरक अनेकदा एखाद्या लाखाच्या घरात जातो. हा फरक दैवयोगाने पडत नाही. त्याचा बराचसा भाग आधी ओळखता येतो आणि त्यातील काही भाग टाळताही येतो. अडचण अशी की या व्यवहाराची संपूर्ण साखळी कुटुंबाला समजावून सांगण्याची जबाबदारी कोणावरच नसते. बँकेतील अधिकाऱ्याला आपला अर्ज ठाऊक असतो, विद्यापीठाला आपल्या खात्यात आलेली रक्कम तेवढी दिसते आणि प्रवेशाचा सल्लागार व्हिसा हाती पडताच बाजूला होतो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी परदेशी शिकायला निघालेले असते, त्या घराला या अज्ञानाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते, आणि म्हणूनच हा विषय केवळ बँकव्यवहाराचा तपशील म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही.

भारतातून परदेशी पैसे पाठवणे हे एकेकाळी परवानगीचे काम होते. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, प्रत्येक डॉलर हा राष्ट्राच्या तुटपुंज्या साठ्यातून जाणारा डॉलर मानला होता, त्याची जागा १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने घेतली, आणि १ जून २००० पासून अमलात आलेल्या या ‘फेमा’ने बंदीऐवजी व्यवस्थापनाची भाषा स्वीकारली. त्याच कायद्याच्या चौकटीत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना आणली, जिला बँकांमध्ये ‘एलआरएस’ या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने एका आर्थिक वर्षात ठरावीक मर्यादेपर्यंत परदेशी रक्कम पाठवावी आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे वेगळी परवानगी मागू नये, असे या योजनेचे स्वरूप आहे. सुरुवातीची मर्यादा २५,००० डॉलरची होती. ती वाढत २ लाख डॉलरपर्यंत गेली, ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया कोसळत असताना ती एकदम ७५,००० वर खाली आणली गेली, आणि २०१५ पासून ती २,५०,००० डॉलरवर स्थिर आहे. बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे वार्षिक शुल्क आणि राहण्याचा खर्च या मर्यादेत सहज बसतो, आणि एखाद्या वैद्यकीय किंवा तत्सम महागड्या अभ्यासक्रमाचा खर्च त्यापलीकडे गेला, तर विद्यापीठाने दिलेल्या खर्चाच्या अंदाजपत्रकाच्या आधारे बँक जास्तीची रक्कमही पाठवू शकते.

ही योजना केवळ निवासी भारतीयांसाठी आहे, या एका अटीचे परिणाम मात्र दूरवर जातात. शिक्षणासाठी देश सोडून गेलेला विद्यार्थी फेमाच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, अशी रिझर्व्ह बँकेची २००३ पासूनची भूमिका आहे. त्यामुळे पहिल्या सत्राचे शुल्क विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी स्वतःच्या खात्यातून भरले असले, तरी पुढील सत्रांचे शुल्क आई किंवा वडील यांनी आपल्या नावाने पाठवणे हाच सरळ मार्ग उरतो. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर आजोबांनी ठेवलेली ठेव असेल, तर ते खाते अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. तेथून पैसे बाहेर नेण्याची मर्यादा वर्षाला १० लाख डॉलर इतकी ऐसपैस असली, तरी त्यासाठी प्राप्तिकराचे वेगळे अर्ज आणि सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र यांचा सोपस्कार येतो. हे काम विद्यार्थी भारतात असतानाच उरकले तर दोन दिवसांत होते, आणि तो निघून गेल्यावर त्याच कामासाठी महिनाभर कागद फिरत राहतात.

परकीय चलनाचा व्यवहार करण्याचा परवाना सर्व बँकांना नसतो. रिझर्व्ह बँकेने ज्यांना तो दिला आहे त्या बँकांना ‘प्राधिकृत विक्रेता’ म्हणतात. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी कुटुंबाची बचत पुष्कळदा पतसंस्थेत, जिल्हा मध्यवर्ती बँकेत किंवा नागरी सहकारी बँकेत असते. सारस्वत किंवा कॉसमॉस यांसारख्या मोजक्या सहकारी बँका सोडल्या, तर बाकीच्यांकडून परदेशी शुल्क थेट भरता येत नाही, आणि ठेवी मोडून रक्कम आधी एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँकेत आणावी लागते. नव्याने उघडलेल्या खात्यात एकदम मोठी रक्कम येऊन ती लगेच परदेशी निघाली, की बँक साहजिकच तिचा उगम विचारते, आणि मग जुन्या खात्याचे उतारे, प्राप्तिकर विवरणपत्रे, शेतीचे उत्पन्न असल्यास सातबारा आणि बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या असा कागदांचा गठ्ठा तयार ठेवावा लागतो. शुल्काच्या अंतिम तारखेच्या आठवड्यात ही शोधाशोध सुरू झाली तर कुटुंबाची फार दमछाक होते.

पैसे प्रत्यक्षात कसे जातात, याविषयी एक मोठा गैरसमज आहे. रुपये डॉलर होऊन एखाद्या तारेतून अमेरिकेत पोहोचतात असे काही घडत नाही. भारतीय बँकेचे न्यूयॉर्कमधील एखाद्या मोठ्या बँकेत डॉलरचे खाते असते, ज्याला बँकिंगच्या भाषेत ‘नॉस्ट्रो’ खाते म्हणतात. कुटुंबाच्या खात्यातून रुपये वजा करून भारतीय बँक त्या न्यूयॉर्कच्या बँकेला संदेश पाठवते की आमच्या खात्यातील इतके डॉलर अमुक विद्यापीठाच्या बँकेला द्यावेत. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या सावकाराने लिहिलेली हुंडी काशीच्या पेढीवर वटत असे तेव्हा जसा रोकडीऐवजी दोन पेढ्यांमधील हिशेब पुढेमागे होई, तसाच हा व्यवहार दोन बँकांच्या वह्यांमध्ये पुरा होतो. संदेशांची ने-आण करणारी ‘स्विफ्ट’ ही संस्था १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झाली. ती पैसे स्वतःजवळ ठेवत नाही आणि पाठवतही नाही, ती केवळ ठरावीक साच्यातील संदेश सुरक्षितपणे पोहोचवते. प्रत्येक बँकेला तिने दिलेला आठ किंवा अकरा अक्षरांचा संकेतांक असतो. त्याच्या जोडीला अमेरिकेत नऊ अंकी राउटिंग क्रमांक आणि खाते क्रमांक लागतो, तर ब्रिटन व युरोपमध्ये ‘आयबॅन’ हा देशाच्या अक्षरांनी सुरू होणारा लांब क्रमांक लागतो.

भारतीय बँक आणि विद्यापीठाची बँक यांचा थेट संबंध नसेल, तर मध्ये एक किंवा दोन बँका येतात, आणि त्या आपल्या सेवेचे शुल्क वाटेतच कापून घेतात. २०,००० डॉलर पाठवले आणि पंधरा-वीस डॉलर कमी पोहोचले, असे घडते ते यामुळे. रक्कम किरकोळ असली तरी विद्यापीठाच्या संगणकाला शुल्क अपूर्ण दिसते, आणि काही ठिकाणी त्यावरून नोंदणी अडते किंवा विलंबशुल्क लागते. या वजावटीचा भार कोणी उचलायचा हे पाठवतानाच ठरवता येते. बँकेच्या अर्जात त्यासाठी तीन पर्याय असतात: सर्व खर्च पाठवणाऱ्याने सोसावा, दोघांनी वाटून घ्यावा किंवा घेणाऱ्याने सोसावा. विद्यापीठाचे शुल्क भरताना पहिला पर्याय, ज्याला बँकेत ‘अवर’ म्हणतात, निवडणे हितावह असते. कर्मचाऱ्याने सवयीने दुसऱ्या पर्यायावर खूण केलेली नाही ना, हे सहीपूर्वी पाहून घ्यावे.

याहून गंभीर अडचण नावाची आणि क्रमांकाची असते. एकाच दिवशी शेकडो पालकांच्या नावांनी येणाऱ्या रकमांमधून कोणती रक्कम कोणत्या विद्यार्थ्याची, हे विद्यापीठाला केवळ विद्यार्थी क्रमांकावरून कळते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिपेडी नावाची पद्धत आहे, पारपत्रावर त्याचे दोनच भाग होतात, आईच्या खात्यावर कधी माहेरचे नाव असते, आणि विद्यापीठाच्या नोंदीत तिसरेच रूप असते; अशा वेळी नावावरून ओळख पटणे कठीण होते. म्हणून विद्यार्थी क्रमांक आणि पारपत्रावरील नाव संदेशातील तपशिलाच्या रकान्यात लिहिले गेले आहे की नाही, हे पाहण्यासाठी बँकेकडून पाठवलेल्या संदेशाची प्रत मागून घ्यावी. ती प्रत मिळणे हा ग्राहकाचा रास्त अधिकार आहे. रक्कम वाटेत अडकली, तर त्या प्रतीवरील संदर्भ क्रमांकाच्या आधारे ती कोणत्या बँकेत थांबली आहे याचा शोध घेता येतो आणि विद्यापीठालाही भरणा केल्याचा पुरावा दाखवता येतो.

आता ज्या खर्चाकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याकडे वळावे. परदेशी रक्कम पाठवण्याचे बँकेचे कमिशन पाचशे-हजार रुपयांच्या आसपास असते, ते पावतीवर स्पष्ट छापलेले असते आणि कुटुंबे त्याच्यावरून घासाघीसही करतात. परंतु बँकेची खरी कमाई दरात दडलेली असते. वर्तमानपत्रात येणारा दर हा बँकांनी आपापसांत केलेल्या मोठ्या व्यवहारांचा असतो. ग्राहकाला डॉलर विकताना बँक त्यावर आपला नफा चढवते, आणि त्या दराला ‘टीटी सेलिंग’ दर म्हणतात. उदाहरणादाखल, आंतरबँक दर ९० रुपये असताना एका बँकेने ९०.६० आणि दुसरीने ९२.२५ रुपये असा दर दिला, तर २०,००० डॉलरच्या शुल्कावर दोहोंमध्ये ३३,००० रुपयांचा फरक पडतो, आणि हा फरक पावतीवर कोठेही ‘खर्च’ म्हणून दिसत नाही. शाखेच्या फलकावरील दर हा अंतिम दर नसतो. मोठ्या रकमेसाठी बँकेच्या परकीय चलन विभागाकडून त्या क्षणीच्या बाजारभावावर आधारित वेगळा दर मागता येतो, दोन बँकांचे दर त्याच तासात विचारून ताडून पाहता येतात, आणि शनिवारी किंवा बाजार बंद झाल्यावर व्यवहार केल्यास बँक जोखीम म्हणून दर चढा ठेवते हे लक्षात घेऊन कामाच्या दिवशी सकाळी व्यवहार करता येतो. चलन बदलून देण्याच्या सेवेवर वस्तू व सेवा कर लागतो, पण तो संपूर्ण रकमेवर १८ टक्के नसतो. कायद्याने ठरवलेल्या एका लहान काल्पनिक मूल्यावर तो आकारला जातो, आणि वरील उदाहरणातील सुमारे १८ लाख १२ हजार रुपयांच्या व्यवहारावर तो जेमतेम १,१३६ रुपये होतो. याहून फार मोठी रक्कम ‘जीएसटी’ म्हणून सांगितली गेली, तर हिशेब लेखी मागावा.

दराचा हा प्रश्न महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासाशी फार जवळून जोडलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. त्यानंतर सुरू केलेला लंडनमधील अभ्यास मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले, आणि ते वर्ष रुपयाच्या इतिहासातील अत्यंत अस्थिर वर्षांपैकी एक होते. त्या फेब्रुवारीत एका रुपयाला २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास मिळत होते, आणि पुढच्या वर्षी तोच रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. म्हणजे १०० पौंडांसाठी जेथे सुमारे ७०६ रुपये पुरत होते, तेथे १,३३३ रुपयांहून अधिक लागू लागले. भारतातून येणाऱ्या रुपयांवर लंडनमध्ये शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यासाठी शिक्षणाचा खर्च वर्षभरात जवळपास दुप्पट झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी बाबासाहेबांनी लिहिलेला आणि १९२३ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच होता. चलनाचे मूल्य स्थिर नसेल तर त्याचा फटका मोजक्या उत्पन्नावर जगणाऱ्याला आधी बसतो, ही त्या चर्चेतील चिंता आजच्या विद्यार्थ्याच्या आईवडिलांना वेगळी समजावून सांगावी लागू नये.

आजची घसरण तेवढी तीव्र नसली तरी कर्ज घेऊन शिकणाऱ्याला ती पुरेशी जाचक आहे. २०२४ च्या पूर्वार्धात डॉलर ८३ रुपयांच्या आसपास असताना एखाद्या विद्यार्थ्याने ४८,००० डॉलरच्या अभ्यासक्रमासाठी ४० लाखांचे कर्ज मंजूर करून घेतले असेल, तर ते तेव्हा पुरेसे होते. परंतु बँका कर्जाची रक्कम एकदम न देता सत्रागणिक थेट विद्यापीठाला पाठवतात, मंजुरी मात्र रुपयांतच असते, आणि डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला. संपूर्ण शुल्क ९० च्या दराने भरायचे म्हटले तर ४३ लाख २० हजार रुपये लागतात, म्हणजे मंजूर कर्जापेक्षा ३ लाख २० हजार रुपये अधिक. प्रत्यक्षात काही हप्ते जुन्या दराने गेलेले असल्यामुळे तूट याहून कमी पडते, पण ती पडते शेवटच्या सत्रात, जेव्हा घरची बचत संपलेली असते आणि नवे तारण देण्याजोगे काही उरलेले नसते. यासाठी कर्जाचा अर्ज करतानाच शुल्काच्या अंदाजात दरवर्षी चार-पाच टक्क्यांची घसरण धरावी आणि मंजुरीची रक्कम त्यानुसार मागावी. न लागलेल्या रकमेवर व्याज द्यावे लागत नाही, हे बँकेकडून लेखी समजून घेतले की या सावधगिरीला फारसा खर्च नाही. १८९२ मध्ये जमशेटजी टाटा यांनी मुंबईत सुरू केलेला जे. एन. टाटा निधी, जो आजही परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो, किंवा महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, यांचा विचार बँकेकडे जाण्यापूर्वी व्हायला हवा.

काही विद्यापीठे शुल्क थेट खात्यात न घेता मध्यस्थ कंपनीमार्फत घेतात. इकेर मार्काइदे या स्पॅनिश विद्यार्थ्याला अमेरिकेतील एमआयटीचे शुल्क मायदेशातून भरताना ज्या अडचणी आल्या, त्यांतून त्याने २००९ मध्ये सुरू केलेली कंपनी पुढे ‘फ्लायवायर’ नावाने प्रसिद्ध झाली, आणि तिच्यासारख्या इतरही सेवा आता रूढ आहेत. विद्यार्थ्याचा क्रमांक, देय रक्कम आणि भरणा यांची सांगड त्या आपोआप घालतात, पूर्ण रक्कम पोहोचण्याची हमी देतात आणि किती रुपये भरायचे ते आधी सांगतात. ही मोठी सोय आहे. तरीही त्यांच्या दरातही नफा मिसळलेला असतो, म्हणून डॉलरचा दर किंवा ‘शून्य शुल्क’ यांकडे न पाहता अखेर खात्यातून एकूण किती रुपये जाणार, एवढा एकच आकडा बँकेच्या आकड्याशी ताडावा. क्रेडिट कार्डाने भरणे सर्वांत सोपे वाटते, पण कार्ड देणारी बँक चलनबदलासाठी साधारण दोन ते साडेतीन टक्के लावते आणि अनेक विद्यापीठे कार्डाच्या भरण्यावर वेगळा अधिभार घेतात; अर्जाच्या लहान शुल्कासाठी ते ठीक, सत्राच्या शुल्कासाठी नाही.

कराच्या बाजूने या व्यवहारावर ‘टीसीएस’ लागतो, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या बँकेने ग्राहकाकडून त्याच क्षणी गोळा करून सरकारजमा करायचा कर. १ ऑक्टोबर २०२० पासून तो परदेशी पाठवलेल्या रकमांना लागू झाला. आरंभी सूट वर्षाला ७ लाख रुपयांपर्यंत होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झाली. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनुसार, मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर हा कर अजिबात नव्हता, स्वतःच्या पैशांतून शिक्षणासाठी पाठवलेल्या १० लाखांवरील रकमेवर तो ५ टक्के, आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के होता. त्या दरांनी बचतीतून २४ लाख रुपये शुल्क भरले, तर १४ लाखांवर ७०,००० रुपये टीसीएस होई. तेच पैसे अर्जात चुकून ‘कुटुंबाचा निर्वाह’ या सदरात गेले, तर तो २,८०,००० रुपये होई. हे सदर ठरते ते ‘ए-२’ नावाच्या अर्जात लिहिलेल्या उद्देश-संकेतांकावरून. शुल्क व वसतिगृहाच्या खर्चासह शिक्षणासाठीच्या प्रवासाचा संकेतांक ‘एस ०३०५’ आहे, आणि परदेशी संस्थेच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमासारख्या शुल्कासाठी ‘एस ११०७’ आहे. एवढ्या चार अंकांवर लाखो रुपये अडकू शकतात, म्हणून ते कर्मचाऱ्यावर सोडू नयेत. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत, त्यामुळे प्रत्येक भरण्यापूर्वी चालू वर्षाचा दर विचारणेही तितकेच आवश्यक आहे.

टीसीएस हा वाढीव कर नाही, तो आगाऊ घेतलेला कर आहे. ज्याच्या पॅन क्रमांकावर तो जमा झाला, त्याच्या प्राप्तिकरातून तो वळता होतो आणि जास्त असल्यास परत मिळतो. नोकरदार व्यक्ती ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या मालकाला त्याची माहिती देऊन पगारातून होणारी करकपात तेवढी कमी करून घेऊ शकते, आणि व्यावसायिक आगाऊ कराच्या हप्त्यांत तो धरू शकतो. ज्याला प्राप्तिकरच लागू नाही त्याची मात्र कोंडी होते. नाशिकचा द्राक्ष बागायतदार किंवा सांगलीचा हळद उत्पादक आपल्या शेतीच्या उत्पन्नातून मुलीचे शुल्क भरतो तेव्हा ते उत्पन्न करमुक्त असूनही बँक टीसीएस कापतेच, आणि तो परत मिळवण्यासाठी त्याला विवरणपत्र भरावे लागते. जुलैत कापलेली रक्कम आर्थिक वर्ष संपून, विवरणपत्र भरून, ते तपासले जाऊन हाती येईपर्यंत वर्ष उलटून जाते. कर माफ असलेल्या माणसाचे पैसे वर्षभर अडकून पडावेत हे न्याय्य नाही, आणि कर्जातून शिकणाऱ्याला जी सूट मिळाली तिचा विचार करमुक्त उत्पन्नवाल्यांसाठीही व्हायला हवा. तोवर हाती असलेला उपाय असा की १० लाखांची सूट प्रत्येक पाठवणाऱ्याला स्वतंत्र असल्यामुळे आईच्या खात्यातील आईचे पैसे तिच्या पॅनवर आणि वडिलांचे त्यांच्या पॅनवर पाठवावेत, ज्याच्या नावावर कराचे समायोजन होऊ शकते त्याच्या नावाने मोठा वाटा जावा, आणि मार्च-एप्रिलच्या सीमेवर येणारे शुल्क शक्य असल्यास दोन आर्थिक वर्षांत विभागावे.

शुल्काइतकीच रक्कम काही देशांत राहण्याच्या खर्चापोटी आधी दाखवावी लागते, आणि तिचे नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. शुल्क नसले तरी व्हिसासाठी ‘श्पेरकोंटो’ नावाच्या गोठवलेल्या खात्यात सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमानुसार ११,९०४ युरो ठेवावे लागतात, आणि विद्यार्थ्याला त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. कॅनडात अशाच हमी-ठेवीची रक्कम वर्षानुवर्षे १०,००० डॉलर होती, तेथे पुरेशा निधीची अट जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाली. ब्रिटनमध्ये पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. पालकांचे खाते चालते, परंतु नाते सिद्ध करणारा जन्मदाखला आणि संमतीपत्र लागते, आणि मधल्या एका दिवशी जरी शिल्लक कमी झाली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. शुल्काचा पहिला हप्ता याच खात्यातून भरायचा असेल, तर तो कधी भरायचा हे या २८ दिवसांच्या हिशेबाने ठरवावे लागते.

फसवणुकीचे दोन प्रकार विशेष सावधपणे पाहावे लागतात. कोणी ओळखीचा माणूस शुल्क दहा टक्के स्वस्तात भरून देतो म्हणतो, विद्यापीठाच्या खात्यावर भरणा झालेला दिसतो, आणि काही आठवड्यांनी तो चोरीच्या कार्डावरून झाल्याचे उघड होऊन रक्कम परत जाते. कुटुंबाने त्या माणसाला दिलेले पैसे बुडतात, शुल्क बाकी राहते आणि विद्यार्थी चौकशीत सापडतो. दुसरा व्यवहार फसवणुकीचा वाटतही नाही, कारण तो घरातला असतो: अमेरिकेतील मामाने डॉलरमध्ये शुल्क भरायचे आणि इकडे त्याच्या आईच्या खात्यात तेवढे रुपये जमा करायचे. मामाने आपल्या कमाईतून भाच्याला भेट म्हणून शुल्क भरले तर त्यात काही गैर नाही, पण त्याच्या बदल्यात भारतात रुपये देणे हे फेमाचे उल्लंघन आहे, आणि त्यासाठी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे अनेक सज्जन कुटुंबे हे अजाणता करतात, म्हणून हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

व्हिसा नाकारला गेला किंवा अभ्यासक्रम सोडावा लागला, तर विद्यापीठ आपल्या नियमानुसार काही रक्कम कापून उरलेले शुल्क परत करते, आणि ते साधारणतः ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जाते. म्हणून शुल्क दुसऱ्या कोणाच्या खात्यातून भरलेले असेल तर परताव्यावर हक्क सांगणे अवघड होते. परत येणाऱ्या डॉलरला बँकेचा खरेदीचा दर लागतो, जो विक्रीच्या दरापेक्षा कमी असतो, त्यामुळे बाजारातील दर तोच राहिला तरी कुटुंबाला दोन्ही वेळचा फरक सोसावा लागतो. न वापरलेले परकीय चलन १८० दिवसांत भारतात परत आणावे असा ऑगस्ट २०२२ पासूनचा नियम आहे, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू’ म्हणून ती रक्कम परदेशातील एखाद्या नातेवाइकाच्या खात्यात ठेवून देता येत नाही. आणि शुल्क परत आले तरी त्यावर आधी कापलेला टीसीएस त्याच्यासोबत येत नाही. तो सरकारजमा झालेला असतो आणि पाठवणाऱ्याच्या पॅनवर नोंदलेला असतो, त्यामुळे बँकेकडून टीसीएसचे प्रमाणपत्र घेऊन, आपल्या कर-उताऱ्यात ती नोंद आली आहे याची खात्री करून, त्याच वर्षाच्या विवरणपत्रात तो मागावा लागतो.